म्हाऊकी मळीचा पूल आमच्या अंगणात : कामाच्या नोंदी

१९ जुलै, शनिवार

आज सुरुवात केली, मुद्दाम आजच. १८६७ साली याच तारखेला पुणे मुंबई रेल्वेच्या बोरघाटातला म्हाऊकी मळीचा दगडी पूल कोसळला होता. इंग्रजांच्या कागदात त्याचं नाव कायच्या काय स्पेलिंगने लिहिलेलं असतं, मी आपलं म्हाऊकी मळी लिहिणार. प्रत्येकी ५० फुटांच्या आठ कमानी, शंभर फुटांहून जास्त उंची, सगळं दगडात. घाटातली रेल्वे २१ एप्रिल १८६३ ला सुरू झाली म्हणजे या पुलाने फक्त चार पावसाळे पूर्ण बघितले, पाचव्यात गेला.

दरवर्षी दिवाळीला भाची आणि मी अंगणात किल्ला करतो, प्रतापगड झाला, रायगड दोनदा झाला, गेल्या वर्षी सिंधुदुर्ग करताना तर समुद्रासाठी घरातली सगळी निळी ओढणी गेली. यंदा ती म्हणाली आत्या काहीतरी वेगळं करूया, आणि माझ्या डोक्यात हा पूल कित्येक दिवस होताच. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात मी दिवसभर दगड सिमेंट स्टीलची एस्टिमेट काढते, किती घनमीटर आणि काय रेट, पण स्वतःच्या हाताने कमान कधी उभी केली नव्हती. ती करायची. आणि नुसती पुठ्ठ्याची नाही, खरी, दगड चुन्याची, खालचा आधार काढला तरी उभी राहणारी.

अण्णांना सांगितलं. ते मिरजेला रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होते, आयुष्य रुळावर गेलं. म्हणाले, "पडलेला पूल कशाला करायलीस, उभा असलेला कर की एखादा." मी म्हटलं पडला म्हणूनच.

२३ जुलै

स्केल ठरलं, १ ला ५०. आधी १ ला १०० म्हणत होते पण खांब इतके बारीक होतात की दगड लावताच येत नाहीत. १ ला ५० ने ५० फुटांची कमान साडेतीस सेंटीमीटर होते. आठ कमानी, मधे सात खांब, दोन टोकांना दरडीत बसवलेले जाड आधार. खांबाची जाडी मी १० फूट धरली आहे म्हणजे ६ सेंमी, रुंदी १६ सेंमी (दोन रूळमार्ग बसतील एवढी), सगळं मिळून तीन मीटरच्या आसपास. अंगणात तुळशीकट्ट्यापासून नळापर्यंत बरोबर बसतंय. आईने नळाकडे जायला वाट सोडा एवढंच सांगितलं.

खांब सगळे सारख्या उंचीचे नाहीत. मधे दरी खोल, तिथले उंच, कडेचे बुटके. भाचीने अंगणात खडूने आख्खी रेघ मारून ठेवली आणि रात्री पावसाने पुसून टाकली, परत मारली.

२ ऑगस्ट

या आठवड्यात हाताने काहीच काम नाही, वाचन झालं. वहीत उतरवलेलं इथे टाकते कारण भाचीला दिवाळीत बघायला येणाऱ्यांना सांगायचं आहे आणि तिला एका जागी हवंय.

बोरघाटाचा चढ पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत १५ मैलांच्या वर आहे, जवळपास २५ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी १८३१ फूट वर चढते. जिथे सगळ्यात अवघड तिथे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. २५ बोगदे, ८ मोठे दरीवरचे पूल, बाकी छोटे पूल मोऱ्या वेगळ्या. वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं, म्हणजे डोंगराच्या टोकावर जागाच नाही वळायला, तर गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या तोंडाने पुढचा चढ. ते १९२९ ला नवी लाईन टाकल्यावर बंद झालं.

आणि हा घाट व्हायच्या आधी काय होतं ते मला जास्त आवडलं. मुंबईकडून रेल्वे १८५६ ला खोपोलीपर्यंत आली, पुण्याकडून १४ जून १८५८ ला खंडाळ्यापर्यंत आली, आणि मधे घाट. मग प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचे. माल सगळा उतरवा, चढवा. पाच वर्षं असं चाललं. आता आपण पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळा गेलं की डुलकी काढतो आणि कर्जतला वडापावाच्या आवाजाने उठतो.

सर्व्हे करणारी माणसं कड्यावरून दोराने खाली सोडायचे, लोंबकळत खुणा करायच्या, तसंच लोंबकळत दगडात सुरुंगाची भोकं पाडायची. जेम्स बर्कले हा चीफ इंजिनिअर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेचा, रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली शिकलेला. घाट सुरू झालेला त्याने बघितला नाही, १८६२ च्या ऑगस्टमध्येच गेला.

१० ऑगस्ट

कमानीच्या पाचरी, म्हणजे कमानीत बसणारे निमुळते ठोकळे. एका कमानीला १५ पाचरी घेतल्या, विषम आकडा हवा म्हणजे मधली एक चावीची येते. खालची बाजू ३.२ सेंमी, वरची ४.२, लांबी १६. सागवानाच्या पट्ट्यांचे चार साचे केले, त्यात चुना वाळू आणि थोडं सिमेंट (हो सिमेंट, पाचरींना मी टाकलंय, नाहीतर दिवाळीपर्यंत वाळल्या नसत्या). एकूण १२० लागणार. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चार भरायच्या, सकाळी काढायच्या. आज २८ झाल्या.

१७ ऑगस्ट

खांब सुरू. किचन ओट्याच्या दुकानातून कडप्प्याचे तुकडे आणले, फुकटच दिले त्यांनी, पोतंभर. कटरने सहा सात मिलिमीटरच्या चकत्या केल्या, त्याचे छोटे छोटे आयत. बाहेरून ते लावायचे एकावर एक, दरजा मोडत, आणि आतल्या पोकळीत खडी आणि चुना ओतायचा. झपाट्याने होतंय, एका रविवारात दोन खांब उभे, ओळंबा लावून बघितला, सरळ. दिसायला इतके सुंदर की फोटो काढून भावाला पाठवला.

खडी भरताना चुना पातळ केला होता म्हणजे आपोआप सगळीकडे जाईल. नीट ठोकून बसवलं नाही. आतलं कुणाला दिसणार आहे असा विचार मनात आला होता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

२४ ऑगस्ट

चार दिवस पाऊस थांबलाच नाही. कोयनेतून पाणी सोडलं, आमच्याकडे सगळ्यांचे फोन एकच, आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाला) किती फूट पाणी झालं. सांगलीत पावसाळ्यात दुसरा प्रश्नच नसतो, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात खालच्या मजल्यावर पाणी होतं, तेव्हापासून आई ३० ला पोचलं की धान्याचे डबे वर न्यायला सुरुवात करते. यावेळी ४५ च्या आत राहिलं.

त्या गडबडीत खांबांवर कागद टाकायचा राहिला. वरून उघडे होते. आज बघितलं तर दोन्हींचं मधोमध पोट सुटलंय. एकाची कडप्प्याची एक पूर्ण बाजू बाहेर ढकलली गेली होती, बोटाने हलकंसं दाबलं तर आख्खी चकत्यांची भिंत एका तुकड्यात सुटून हातात आली, आणि मागे काय तर ओली खडी, चुना दह्यासारखा, बोटाने उकरता येतोय, आठवडा झाला तरी. वरून पाणी शिरलं, खडीत साचलं, त्याला बाहेर जायला वाट नाही, मग ते बाजूला ढकलत बसलं. समोरच्या दगडाचा आणि आतल्या भरावाचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

मी तिथेच बसून राहिले. कारण म्हाऊकी मळीबद्दल हेच तर वाचलं होतं ना. चौकशीत बोट बांधकामाच्या दर्जाकडेच गेलं, आणि त्या काळच्या जीआयपीच्या दगडी कामांबद्दल हीच ओरड होती, दर्शनी बाजूला घडीव दगड आणि पोटात हलक्या चुन्यातलं डबर, म्हणजे वेडेवाकडे न घडवलेले दगड. मी ते वहीत लिहिलं, अधोरेखित केलं, आणि पंधरा दिवसांनी स्वतः तसाच खांब बांधला. आणि घाटातला पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, आमच्या सांगलीत त्याच्या पाव भागही पडत नाही.

अण्णा आले, काही बोलले नाहीत, खिशातल्या किल्लीने दुसऱ्या खांबावर टकटक केलं. वर टणक, मधे भद्द. म्हणाले, "ऐकलंस? आम्ही पूल असाच तपासायचो. हातोडीनं. डोळ्याला दगड चांगलाच दिसतोय, कानाला कळतंय." दोन्ही खांब त्यांनीच पायाने पाडले.

३१ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी, काम बंद, पण आज एक फार महत्त्वाचं झालं. आमच्या गल्लीत वाड्याची भिंत दुरुस्त करायला एक म्हातारे गवंडी येतात, जुन्या दगडी कामातले, आता त्यांच्यासारखे फार राहिले नाहीत. आरतीला आले होते, त्यांना पडलेला ढीग दाखवला. त्यांनी एक चकती उचलली, वळवून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही फरशी झाली. ह्याला दगड न्हाई म्हणत. दगडाला शेपूट पाहिजे."

मग अर्धा तास आरती सोडून तेच. दगड समोरून हातभर दिसत असेल तर आत त्याहून लांब गेला पाहिजे, आत जाताना निमुळता, ती शेपटी डबरात रुतली की मग तो सुटत नाही. आणि प्रत्येक थरात ठरावीक अंतरावर एक दगड असा टाकायचा की जो या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार जातो, दोन्ही तोंडं त्याचीच. तो दोन्ही भिंतींना धरून ठेवतो. आतलं डबर ओतायचं नाही, बसवायचं, एकेक दगड हाताने फिरवून त्याची बैठक बघून, मोठ्यात लहान, लहानात चीप, आणि चुना फक्त फटीला. "दगडानं दगडाला धराय पाहिजे. चुना मधी बसायला असतोय नुसता."

मी विचारलं घाईत बांधलं तर कुठे चोरी होते. क्षणात उत्तर, "आरपार दगडात. त्यो घडवायला दिवस जातोय आन् भाईर त्याचं नुसतं टोक दिसतंय. चार लिहायचे, एक घालायचा."

आमच्या ऑफिसातल्या मेजरमेंट बुकात असं काय काय लिहिलेलं असतं ते माझ्या डोळ्यासमोरून गेलं.

१४ सप्टेंबर

भाचीने विचारलं, आत्या पण त्यांनी मुद्दाम वाईट बांधलं का. तिला उत्तर द्यायला म्हणून पुन्हा वाचलं, आणि हा भाग पुलापेक्षा मोठा आहे, त्यामुळे नोंद लांबणार.

घाटाचं काम पहिल्यांदा विल्यम फ्रेडरिक फेव्हियल याने घेतलं, मुंबई ठाणे लाईनचं काम केलेल्यांपैकीच हा. १८५६ च्या जानेवारीत सुरुवात. वर्षातले कामाचे महिने आठ, पावसाळ्यात उघड्यावरचं सगळं बंद, फक्त बोगद्यात काम चालू. प्यायच्या पाण्याचे हाल, वस्ती म्हणजे पाल्याच्या झोपड्या, त्यात पटकी. मजूर कुठून कुठून आलेले, बायका पोरं सगळे. साहेब पोटठेकेदाराला देणार, तो मुकादमाला, मुकादम माणसांना, आणि प्रत्येक पायरीला थोडं गळणार. जानेवारी १८५९ ला ते फुटलं. मजुरी थकली, मिळत होती ती ठरल्यापेक्षा कमी, लोक काठ्या घेऊन उठले, गोऱ्या कर्मचाऱ्यांना मारहाण झाली, त्यात एकजण मेला. चौकशी झाली तेव्हा मजुरी थकल्याची तक्रार खरी निघाली. त्याच वर्षी फेव्हियलने काम सोडलं. पुढे १८६० ला कायदा आला, रेल्वे कालव्यासारख्या कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर निकाली काढायचे, पण त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. म्हणजे एका हाताने दिलं.

मग सोलोमन ट्रेडवेल. विलायतेहून आला, उतरल्यावर पंधरा दिवसांत आजारी पडून वारला. आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सोडला नाही. एवढं मोठं काम, परका देश, नवरा आत्ता गेलेला. तिने अॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी इंजिनिअर हाताशी धरले आणि काम पुढे नेलं. ती फोटोही काढायची, त्या काळचा कॅमेरा म्हणजे काचेच्या प्लेटा घेऊन डोंगरात फिरायचं. १८६१ मध्ये कामावर ४२ हजार माणसं होती. बेचाळीस हजार. आमची तासगाव नगरपालिकेची वस्ती डोळ्यासमोर आणा आणि ती सगळी एका घाटात दगड फोडतेय. त्यातले हजारो पटकीने आणि तापाने तिथेच गेले.

ही माणसं कोण होती त्यांची नावं नाहीत. बर्कले, ट्रेडवेल, फेव्हियल, उद्घाटनाला आलेला गव्हर्नर बार्टल फ्रिअर, सगळ्यांची नावं आहेत, पण आरपार दगड ज्याने घडवला त्याचं नाही आणि ज्याने घातला नाही त्याचंही नाही. मी भाचीला सांगितलं की ज्याला चार महिने मजुरी मिळाली नाही, शेजारच्या झोपडीतून रोज एक मढं निघतंय, त्याला तू पावसाच्या आधी खांब उरकायला सांगितलंस तर तो कसा बांधेल. ती म्हणाली, तुझे तर कुणी पैसे थकवले नव्हते. बरोबर आहे तिचं.

२१ सप्टेंबर

नव्याने खांब. यावेळी कडप्प्याच्या चकत्या नाहीत. त्याच कडप्प्याचे ठोकळे, समोरून दोन सेंमी, आत तीन साडेतीन सेंमी शेपूट, कटरने मागची बाजू तिरकी मारलेली. आणि प्रत्येक तिसऱ्या थरात दोन आरपार दगड, पूर्ण ६ सेंमीचे. वेळ किती लागतो म्हणाल तर आधी एका रविवारात दोन खांब झाले होते, आता एका खांबाला तीन संध्याकाळी. भाची आतले चीप बसवते, तिची बोटं बारीक आहेत. चिमट्याने एकेक खडा फिरवून बघते आणि हलला तर काढून दुसरा.

चुन्याबद्दल एक गोष्ट कळली ती टिपून ठेवण्यासारखी. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घट्ट होतो. बारीक भिंतीत ठीक, पण दहा फूट जाड खांबाच्या पोटात हवा जाणार कुठून, तिथे तो वर्षानुवर्षं मऊ राहू शकतो. म्हणून चुन्यात सुरखी घालायची, म्हणजे भाजलेल्या विटेचा भुगा, मग तो पाण्यातही धरतो, हवेची वाट बघत नाही. पूर्वी हे घाणीवर बैल फिरवून मळायचे. आम्ही पाट्यावर केलं. वीट फोडून, चाळून, चुना भिजवून, दोन दिवस मुरवून. आईचा पाटा नाही, जुना एक मागे पडला होता तो. अंगावर उडालं की चरचरतं, भाचीला हातमोजे घालायला लावले.

आणि वर पाणी साचू नये म्हणून प्रत्येक खांबावर उतार आणि बारीक नळ्या सोडल्या, सलाईनच्या नळीचे तुकडे. अण्णांनी स्वतः कापून दिले.

२८ सप्टेंबर

कमानी! पहिल्या तीन लावल्या. खाली प्लायवूडचा अर्धगोल साचा, तो लाकडी पाचरांवर टेकवलेला. दोन्ही बाजूंनी एकेक पाचर लावत वर यायचं, एकच बाजू पुढे गेली तर साचा कलंडतो, हे एकदा झालं. शेवटी मधली चावीची, ती हलक्या हातोडीने बसवली.

मग साचा उतरवायचा. मी आणि भाची जमिनीवर पालथ्या, डोळे कमानीच्या पातळीवर. खालच्या लाकडी पाचरा एकदम काढायच्या नाहीत, थोडी डावी, थोडी उजवी, पुन्हा डावी. साचा केसभर खाली आला आणि कमानीच्या आत एक काळी रेघ दिसली, साचा आणि दगडाच्या मधली फट, आधी टोकाला मग सरकत सरकत मधे. आणि एक बारीकसा 'कट्' आवाज आला, आम्ही दोघी श्वास धरून. सगळ्या पाचरी एकमेकींवर बसल्या त्याचा तो आवाज. मग काहीच नाही. उभी राहिली. भाचीने हात घातला कमानीतून आणि पलीकडून माझं बोट धरलं.

पाचव्या सहाव्या कमानीच्या आधी एक प्रयोग करायचा ठरवला, वेगळ्या फळीवर, चुना न लावता, नुसत्या सुट्या पाचरींच्या तीन कमानी बारक्या खांबांवर. कमान खाली दाबते तशी बाजूलाही ढकलते. शेजारी तेवढीच कमान असली की दोघी एकमेकींना ढकलून फिट्टंफाट, मधल्या खांबावर फक्त खाली वजन येतं, म्हणून तो बारीक चालतो. आता टोकाची एक कमान पाडली. मधला खांब लगेच तिकडे झुकला, दुसरी गेली, तिसरी गेली, अंगणभर पाचरी. एकापाठोपाठ एक, मधे थांबायला काही नाही.

इंग्लंडमध्ये रिबलहेडचा पूल आहे, २४ कमानींचा, १८७० च्या दशकात बांधलेला. त्यात प्रत्येक सहावा खांब मुद्दाम जाड केलाय, म्हणजे एखादी कमान गेली तर पडझड त्या जाड खांबापाशी थांबेल. आपल्या आठ कमानींच्या मॉडेलमध्ये मी तसा जाड खांब घालणार नाही, पण भाचीला तो प्रयोग दिवाळीत सगळ्यांसमोर करून दाखवायचा आहे. जाड खांब मधे घालून आणि न घालता, दोन्ही. चालेल.

५ ऑक्टोबर

मुंबईला लग्न होतं, अण्णा आणि मी कोयना एक्सप्रेसने गेलो. सकाळी सांगलीला बसलो, लोणावळा यायला चार वाजले. अण्णा तोपर्यंत झोपले होते, लोणावळ्याला ब्रेक तपासायला गाडी थांबली तसे आपोआप जागे झाले. खंडाळा सोडलं की दारात जाऊन उभे. मला एकेक नाव, मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी, जणू नातेवाईकांची नावं. ते या घाटात कधी नोकरीला नव्हते, त्यांची सगळी नोकरी मिरजेकडची, तेव्हा मिरजेत तीन गेज होत्या, पुणे कोल्हापूरची मोठी लाईन (ती १९७१ ला मोठी झाली), लोंढ्याकडे मीटर गेज आणि पंढरपूर कुर्डुवाडीकडे ती बार्शी लाईट रेल्वेची चिमुकली नॅरो गेज. पण घाटातल्या गँगबद्दल सगळ्या रेल्वेवाल्यांना आदर असतो.

पावसाळा सरत आलेला, धबधबे बारीक झालेले पण दगड सगळीकडे ओला काळा. बोगदा, उजेड, दरी, बोगदा. एका ठिकाणी कडेला दोन ट्रॅकमन उभे, पाठीला रेनकोट, हातात हातोडी आणि हिरवा झेंडा. अण्णांनी हात वर केला. त्यांनीही केला. पावसाळ्यात रात्रभर यांची गस्त असते, बॅटरी घेऊन, दरड आली का, पाणी कुठून फुटतंय का बघत, आणि काही दिसलं तर गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके जवळ ठेवायचे. अण्णा म्हणाले, पूल बांधणारा एकदा बांधतो, जपणारा रोज जपतो, आणि मग लगेच चहावाल्याला हाक मारली.

मी खिडकीतून दरीकडे बघत होते. त्या पाल्याच्या झोपड्या कुठे असतील, ४२ हजार माणसांच्या चुली कुठे पेटत असतील. आता नुसतं रान आहे.

१२ ऑक्टोबर

आठही कमानी उभ्या. वर भराव, त्यावर बारीक खडी, आईस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर, रूळ भावाने पुण्याहून आणलेल्या पितळी पट्टीचे. दोन्ही बाजूला लाल मातीचा डोंगर, पोत्यावर माती थापून, त्यात हळीव आणि मोहरी पेरली, किल्ल्यासारखीच. एका बाजूला बोगद्याचं तोंड.

मावळे यावर्षी नाहीत. भाचीने मातीची माणसं केली, बोटाएवढी, टोपली घेतलेल्या बायका, घण घेतलेले बाप्ये, दोराने कड्यावर लटकवलेला एक. चाळीस झाली. म्हणते बेचाळीस करणार, एक माणूस म्हणजे एक हजार, आणि तसं पाटीवर लिहिणार. पाटीवर पुलाचं नाव, १८६३ आणि १८६७, आणि खाली 'एक माणूस = १०००'. ॲलिसबाई पण केली आहे, तिपाईवर काळी पेटी ठेवून.

२० ऑक्टोबर, पहिली आंघोळ

पहाटे साडेपाचला पणत्या लावल्या, प्रत्येक खांबाच्या पायाशी एक. कमानींच्या आतून उजेड वर येतो तेव्हा दगडाची एकेक दरज दिसते, हे आधी सुचलं नव्हतं. गल्लीतली पोरं आली, भाचीने सांगायला सुरुवात केली ती न थांबता, पालखीतून घाट चढण्यापासून. सुट्या पाचरींचा प्रयोग सहा वेळा करावा लागला. ते म्हातारे गवंडी पण आले फराळाला, त्यांनी वाकून खांबाच्या बाजूला बोट फिरवत आरपार दगडांची टोकं मोजली, दोन्ही बाजूंनी. चौदा. काही न बोलता चकली घेतली.

सगळे गेल्यावर अण्णा छोटी हातोडी घेऊन आले. खाली बसायला त्यांना त्रास होतो, पण बसले, आणि एका टोकापासून एकेक खांब ठोकत गेले, वर, मधे, खाली. टण, टण, टण. भाची शेजारी कान लावून. सहा खांब स्वच्छ वाजले. नळाकडून दुसरा, मधे, थोडा बसका. त्यांनी पुन्हा ठोकलं, तिने पुन्हा ऐकलं, मग तिने रांगोळीच्या डब्यातला खडू घेऊन त्या जागी एक फुली मारली आणि वहीत लिहिलं : खांब दोन, सातवा थर, भाऊबीजेनंतर उघडणे.